रोज तेवढ्याच ऑर्डरी? ‘कॅप’ लागलाय का ते तपासायची पद्धत

‘दादा, बाराच्या वर ऑर्डर जातच नाही, वरून कुणीतरी नळ बंद करतंय’ असा ऑनलाइन माल विकणाऱ्या कुणाचा तरी मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. त्यानंतर सगळे साधारण एकच करतात. सपोर्टला तावातावाने लिहितात, तिकडून छापील उत्तर येतं, मग चिडून भाव पाडतात, लिस्टिंग डिलीट करून नवीन टाकतात, आणि महिनाभराने खरंच ऑर्डरी निम्म्यावर आलेल्या असतात. म्हणजे कॅप (साइटने ऑर्डरींवर लावलेली मर्यादा) असो नसो, नुकसान आपणच करून घेतलं.

मी सोलापूरचे टॉवेल आणि पंचे ऑनलाइन विकतो. हा संशय मलाही आला होता, आणि त्यात चक्क तथ्य निघालं, फक्त गुन्हेगार भलताच होता, ते पुढे येईलच. कॅप खरा असेल तर तो रोजच्या आकड्यांत भिंतीसारखा दिसतो. आधी ती भिंत शोधायची, ती कुणी बांधली ते नंतर. खालचा क्रम मोडू नका, कारण पायरी ८ आधी केली तर पायरी ३ चे आकडे खराब होतात.

## सुरू करण्याआधीची तयारी

मागच्या ६० दिवसांचा ऑर्डर रिपोर्ट डाउनलोड करा, डॅशबोर्डवरच्या ग्राफचा स्क्रीनशॉट चालणार नाही, प्रत्येक ऑर्डरची तारीख आणि वेळ असलेली फाइल लागते. कॅन्सल झालेल्या आणि आरटीओ गेलेल्या (गिऱ्हाइकापर्यंत न पोचता परत आलेल्या) ऑर्डरीही त्यात ठेवा, कारण आपण गिऱ्हाइकाने बटण कधी दाबलं ते मोजतोय, पैसे किती आले ते नाही. ही चूक फार जण करतात, पेमेंटच्या शीटवरून हिशोब करतात, आणि पेमेंट तर बॅचमध्ये येतं, तिथे सगळंच सपाट दिसणार.

एक वही घ्या किंवा शीटमध्ये वेगळा टॅब करा आणि त्यात आठवेल ते सगळं तारखेसकट लिहा, भाव कधी बदलला, फोटो कधी बदलला, जाहिरात कधी सुरू-बंद केली, माल कधी संपला, गावाला कधी गेलो. तपासणी संपेपर्यंत नवीन बदल शून्य. हात शिवशिवतील पण थांबा.

तपासा: ६० दिवसांत दिवाळीचा सीझन येतोय का? येत असेल तर ते दिवस बाजूला काढा. मागच्या वर्षीशी तुलना करणार असाल तर तारखेला तारीख लावू नका. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, म्हणजे ‘यंदा नोव्हेंबर मेला’ म्हणणाऱ्याचा अर्धा नोव्हेंबर मुळात ऑक्टोबरमध्येच विकून झालेला असतो. पितृपक्ष आणि अधिक महिना हेही तसेच सरकतात.

## पायरी १: दिवस नेमका कुठे सुरू होतो ते ठरवा

बारीक गोष्ट आहे पण इथेच घोळ होतो. फाइलमधल्या वेळेच्या मागे +००:०० असं दिसलं तर ती वेळ भारतातली नाही, त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा. नाही मिळवली तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या ऑर्डरी आदल्या दिवसात जातात आणि रात्री उशिरा खरेदी करणारे आपल्याकडे कमी नाहीत.

ईबेवरून अमेरिकेत माल पाठवणाऱ्यांचं तर आणखीच. तिथला दिवस पॅसिफिक वेळेवर चालतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेबाराला (तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा) किंवा दीडला तारीख बदलते. ‘दुपारी जेवायला बसलो की आकडा शून्यावर येतो’ ही तक्रार मी ऐकलीय आणि त्यात गूढ काहीच नव्हतं.

वेळा दुरुस्त झाल्या की रोजच्या ऑर्डरी आणि रोजचे नग असे दोन वेगळे कॉलम करा. आणि एकदा पूर्ण अकाउंटचे, एकदा सगळ्यात जास्त चालणाऱ्या एका एसकेयूचे (एसकेयू म्हणजे एका ठरावीक मालाचा कोड). चार कॉलम होतील, चारही लागतात.

## पायरी २: नैसर्गिक चढउतार किती ते बघा

गिऱ्हाइकं एकमेकांना विचारून ऑर्डर टाकत नाहीत, म्हणून रोजचा आकडा उड्या मारणारच. साधा ठोकताळा असा की रोजची सरासरी जितकी, तिचं वर्गमूळ काढा, आणि त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे आकडा गेला तरी ते साधारणच समजा. सरासरी १० असेल तर वर्गमूळ ३.१६, म्हणजे ४ पासून १६ पर्यंत काहीही आलं तरी काही घडलेलं नाही. काल १६ आणि आज ४ आल्या तरी ‘काल जास्त दिल्या म्हणून आज कापल्या’ असं होत नाही.

शून्याच्या दिवसाचंही तसंच. रोजची सरासरी २ असेल तर महिन्यातले साधारण ४ दिवस शून्य जाणारच. सरासरी ३ असेल तर वीस दिवसांत एखादा. सरासरी ५ असताना शून्य आला तर मात्र बघा काय झालं ते, कारण असा दिवस दीडशे दिवसांत एकदा अपेक्षित असतो.

आता महिन्याच्या बेरजेबद्दल, कारण ‘दर महिन्याला बरोब्बर तेवढाच धंदा होतो, हा पुरावाच आहे’ असं म्हणणारे खूप आहेत. रोज सरासरी १० म्हणजे महिन्याला ३००, आणि ३०० चं वर्गमूळ सतरा-साडेसतरा. म्हणजे कुणी काही न करता तीनातले दोन महिने २८३ ते ३१७ च्या मध्ये पडणार. बेरीज जितकी मोठी तितकी ती स्थिर दिसते, त्यामुळे महिन्याची बेरीज सारखी येणं हा कशाचाच पुरावा नाही, तो स्क्रीनशॉट सपोर्टला पाठवू नका, हसं होतं.

सावधान: रोजची सरासरी ५ च्या खाली असेल तर पुढची पायरी फसवी ठरते. तुमच्यासाठी दिवसाऐवजी आठवडा धरा आणि ६० दिवसांऐवजी वर्षभराचा डेटा घ्या.

## पायरी ३: भिंत शोधा

तीन गोष्टी करायच्या, तिन्ही गूगल शीटमध्ये अर्ध्या तासात होतात.

पहिली, रोजच्या ऑर्डरींची सरासरी आणि व्हेरिअन्स (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढा, दोन्हींची फंक्शन्स तयार आहेत. व्हेरिअन्सला सरासरीने भागा. उत्तर १ च्या आसपास आलं तर साधा धंदा. २-३ किंवा वर आलं तर जाहिरात, सण, रविवार-सोमवार यांचे चढउतार आहेत, बहुतेकांचं इथेच येतं. ६० दिवसांवर उत्तर ०.५ च्या खाली आलं तर आकडे नैसर्गिक असण्यापेक्षा जास्तच सारखे आहेत, काहीतरी त्यांना दाबतंय.

दुसरी, किती ऑर्डरींचे किती दिवस झाले ते मोजा. ७ चे ३ दिवस, ८ चे ५ दिवस असं. नैसर्गिक धंद्यात हा ढीग मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असतो. कॅप असेल तर उजवी बाजू कापल्यासारखी दिसते, एका आकड्यावर दिवसांची गर्दी आणि त्याच्या पुढे एकही दिवस नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, त्या गर्दीच्या दिवसांची शेवटची ऑर्डर किती वाजता आली ते बघा. धंदा चांगला असलेल्या दिवशी आकडा दुपारी तीनलाच गाठला गेला आणि मग रात्रीपर्यंत काहीच नाही, मंद दिवशी तोच आकडा रात्री नऊला, असं असेल तर भिंत खरी. त्याच दिवशी रात्री पावणेबारालाही ऑर्डर आलेली असेल तर तो योगायोग होता.

इथे एक फरक नीट समजून घ्या. ऑर्डरी ठरावीक आकड्याला थांबत असतील तर ती मर्यादा आहे. ठरावीक वेळेला थांबत असतील, आकडा रोज वेगळा, तर ते बहुतेक जाहिरातीचं रोजचं बजेट संपणं असतं, सकाळी अकरालाच क्लिक संपतात आणि उरलेला दिवस तुम्ही फक्त मोफत मिळणाऱ्या जागेवर असता. कूपनचंही तसंच, त्याचं बजेट संपत आलं की ते गायब होतं आणि कुणी कळवायला येत नाही, तुम्हीच बघायचं.

माझं सांगतो. एका मार्केटप्लेसवर मोठ्या टॉवेलच्या दोनच्या सेटची सरासरी साडेबारा येत होती, व्हेरिअन्स सहाच्या आत, भागाकार ०.४७. ६० पैकी २३ दिवस बरोब्बर १५, आणि १६ एकदाही नाही. भिंत इतकी स्वच्छ की मी सपोर्टला लिहायच्या तयारीतच होतो. पण ती फक्त त्या एका एसकेयूच्या नगांमध्ये होती, पूर्ण अकाउंटच्या ऑर्डरीत नव्हती, आणि अकाउंटवर कुणी मर्यादा लावली असती तर ती एकूण आकड्यात दिसायला हवी होती. मग घरात विचारपूस केली तर कळलं की लग्नसराईत माल कमी पडून ऑर्डरी कॅन्सल झाल्या होत्या तेव्हा भाच्याने रोज सकाळी स्टॉकची फाइल चढवताना त्या सेटपुढे १५ टाकायला सुरुवात केली होती. लग्नसराई संपली, फाइल तीच राहिली. पाच महिने.

तपासा: भिंत सापडली नाही तर पायरी ४ आणि ५ वरवर बघून थेट ६ वर जा, तुमचा प्रश्न कॅपचा नाही, दिसण्याचा किंवा भावाचा आहे.

## पायरी ४: स्वतःच लावलेल्या मर्यादा काढा

भिंत सापडली की पहिला संशय स्वतःवर. रागवू नका, पण मी बघितलेल्या बहुतेक भिंती घरच्याच होत्या. एकेक करून हे उघडा:

- स्टॉकची फाइल किंवा दोन-तीन साइटचा स्टॉक एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात ‘सेफ्टी स्टॉक’ नावाची गोष्ट असते, ५ ठेवलं असेल तर शेवटचे ५ नग कधी विकलेच जात नाहीत.
- रोज किती ऑर्डरी पॅक करू शकता याची सेटिंग. अ‍ॅमेझॉनच्या शिपिंग सेटिंगमध्ये ही असते. दिवाळीत पॅकिंगचा मुलगा गावाला गेला म्हणून कमी केलेली असते आणि मग विसरली जाते. आकडा ओलांडल्यावर गिऱ्हाइकाला डिलिव्हरी उशिराची दिसू लागते आणि तो शेजारच्या दुकानात जातो. इथे भिंत कडक न दिसता पुसट दिसते.
- एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त किती नग घेता येतील याचा रकाना. हॉटेल, लॉज, हॉस्टेलवाले एकदम ५० टॉवेल घेणारे असतात, तिथे २ लिहिलेलं असेल तर ते परत जातात.
- सुट्टीचा मोड, हँडलिंगचे दिवस, पिकअपची वेळ.
- शिपिंग टेम्प्लेटमधून काढलेली राज्यं. आरटीओ जास्त म्हणून कधीकाळी बिहार नाहीतर ईशान्येची राज्यं बंद केली असतील.

सावधान: हे सगळं आजच एका दमात बदलू नका. बघा, लिहून ठेवा, सोडा. बदलायची पायरी पुढे आहे.

## पायरी ५: उघड लावलेल्या मर्यादा वाचा

काही मर्यादा लपलेल्या नसतातच, आपण वाचत नाही. ईबेवर नवीन विक्रेत्याला महिन्याची मर्यादा असते, नगांची वेगळी आणि रकमेची वेगळी, आणि सेलर हबमध्ये ती स्पष्ट लिहिलेली असते. जी आधी संपेल ती लागू. बहुतेकांचा गैरसमज असा की फक्त विकलेला माल मोजतात, पण लिस्टिंगवर चालू असलेला मालही मोजला जातो, म्हणजे एका लिस्टिंगवर उगाच ५० नग लावून ठेवले तर न विकताच जागा भरते. ती वाढवून मागता येते, पण त्याआधी थोडी विक्री नीट करून दाखवावी लागते.

अ‍ॅमेझॉनच्या गोदामात माल ठेवणाऱ्यांनी कपॅसिटीचा आकडा बघावा. जागा संपली की नवीन माल पाठवता येत नाही, चालणारा रंग संपतो, न चालणारा जागा अडवून बसतो, आणि आपल्याला वाटतं सेल दाबला. तिथेच ‘रिझर्व्हड’ किती नग आहेत तेही बघा, एका गोदामातून दुसऱ्याकडे चाललेला माल कागदावर आपला असतो पण गिऱ्हाइकाला लगेच मिळत नाही.

मग अकाउंट हेल्थ. अ‍ॅमेझॉनवर ऑर्डर डिफेक्ट रेट (गंभीर तक्रार आलेल्या ऑर्डरींचं प्रमाण) १% च्या खाली, स्वतः पाठवत असाल तर उशिरा पाठवण्याचं प्रमाण ४% च्या खाली आणि पाठवण्याआधी कॅन्सल करण्याचं २.५% च्या खाली लागतं. ईबेवर व्यवहारातल्या दोषांचं प्रमाण २% च्या वर गेलं की तुम्ही ‘बिलो स्टँडर्ड’ होता आणि शोधात खाली ढकलले जाता, हे ते स्वतःच सांगतात, आणि हे मूल्यमापन दर महिन्याच्या २० तारखेला होतं. म्हणून २० नंतर अचानक पडझड झाली असेल तर आधी तिथे बघा.

## पायरी ६: गळती कुठे आहे ते शोधा

ऑर्डरी म्हणजे पानावर आलेले लोक गुणिले त्यातल्या विकत घेणाऱ्यांचं प्रमाण. अ‍ॅमेझॉनवर बिझनेस रिपोर्ट्समध्ये ‘चाइल्ड आयटम’नुसार रिपोर्ट काढा, सेशन्स (पानाला झालेल्या भेटी) आणि कन्व्हर्जन (त्यातल्या किती टक्के भेटींत विक्री झाली) दोन्ही मिळतात. फ्लिपकार्ट-मीशोवर नावं वेगळी असतील पण व्ह्यू आणि ऑर्डर बघता येतात.

समजा आधीच्या महिन्यात ३००० सेशन्स आणि ६% म्हणजे १८० ऑर्डरी होत्या. या महिन्यात १०६ आल्या. सेशन्स २९५० असतील तर लोक येतायत, कुणी तुम्हाला लपवलेलं नाही, पानावर आल्यावर परत जातायत, मग भाव, डिलिव्हरीची तारीख, सीओडी बंद झालंय का, आणि वरचे दोन रिव्ह्यू बघा (‘रंग गेला’ असं फोटोसकट कुणी लिहिलं असेल तर तोच तुमचा कॅप). सेशन्सच १७५० वर आले असतील आणि कन्व्हर्जन जागेवर असेल तर दिसणं कमी झालंय. मग हे तीन बघा: लिस्टिंग ‘सर्च सप्रेस्ड’ मध्ये (शोधात न दाखवल्या जाणाऱ्यांत) पडलंय का, कॅटेगरी बदललीय का, जाहिरातीचा खर्च खाली आलाय का.

फीचर्ड ऑफरचा टक्का (पान उघडल्यावर किती वेळा मुख्य खरेदीच्या बटणामागे तुमची ऑफर असते) विसरू नका. स्वतःचा ब्रँड, दुसरा कुणी विकत नाही, तरी तो टक्का ६०-७० वर आला असेल तर अनेकदा कारण हे की तुमचाच माल दुसऱ्या साइटवर स्वस्त आहे. मग ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण मुख्य जागेवरून जातं आणि गिऱ्हाईक आणखी एक क्लिक करायचा कंटाळा करतो.

सावधान: ‘माझं प्रॉडक्ट शोधलं तर पाचव्या पानावर दिसतं’ हा पुरावा धरू नका. शोधाचे निकाल पिनकोड, आधीची खरेदी आणि फोन की लॅपटॉप यावर बदलतात. आणि आपल्याच जाहिरातीवर क्लिक करून बघायचं तर अजिबात नाही, पैसे तुमचेच जातात.

## पायरी ७: पिनकोडची चाचणी

लॉगिन न करता लिस्टिंग उघडा आणि पिनकोड टाकत जा: ४११००१ पुणे, ४००००१ मुंबई, ४४०००१ नागपूर, ४०३००१ पणजी, ५६०००१ बंगळुरू, ११०००१ दिल्ली, ७००००१ कोलकाता, ७८१००१ गुवाहाटी. प्रत्येकाला डिलिव्हरी मिळते का, किती दिवसांत, सीओडी आहे का, एवढं लिहा. शेजारच्या विक्रेत्याच्या तशाच मालासाठीही हेच करा. तुमचं दिल्लीला आठ दिवस आणि त्याचं दोन दिवस असेल तर उत्तर मिळालं, त्याचा माल तिकडच्या गोदामात आहे.

दहा मिनिटांचं काम, पण मी सांगितल्याशिवाय केलेला एकही माणूस अजून भेटला नाही.

## पायरी ८: एक बदल, दोन आठवडे

आता हात मोकळे. पण एकावेळी एकच गोष्ट, एकाच एसकेयूवर, १४ दिवस, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात. मी १५ चा स्टॉक ८० केला आणि बाकी कशाला हात लावला नाही, म्हणून चौथ्या दिवशी १९ आल्या तेव्हा कारण कशाचं ते माहीत होतं. भाव, फोटो, जाहिरात आणि स्टॉक सगळं एकाच रात्री बदललं असतं तर आजही अंदाजच करत बसलो असतो.

या काळात तीन गोष्टी अजिबात नकोत. जुनं लिस्टिंग डिलीट करून नवीन टाकणं, कारण रिव्ह्यू आणि जुनी विक्री सगळी जाते. बायकोच्या किंवा भावाच्या नावाने दुसरं अकाउंट, कारण जोडलेले सापडले तर दोन्ही बंद होऊ शकतात. आणि मित्रांकडून खोट्या ऑर्डरी, त्याबद्दल काय बोलायचं, कॅप नसला तरी त्यानंतर नक्की लागेल.

## पायरी ९: तरीही भिंत उरली तर सपोर्टला लिहा

आता लिहायला हरकत नाही, पण ‘शॅडो बॅन’, ‘अन्याय’, ‘मोठ्या विक्रेत्यांना झुकतं माप’ हे शब्द टाळा, ते वाचून समोरचा छापील उत्तर निवडतो. एका तिकिटात एकच एसकेयू आणि हो-नाहीमध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न. मजकूर साधारण असा:

‘अमुक एसकेयू, अमुक ते अमुक तारीख, ६० दिवस. २३ दिवशी बरोब्बर १५ नग, १५ च्या वर एकही दिवस नाही. त्या दिवसांची शेवटच्या ऑर्डरची वेळ सोबतच्या फाइलमध्ये आहे. स्टॉक, पॅकिंगची क्षमता, सुट्टीचा मोड तपासले, मर्यादा नाही. प्रश्न: १) या लिस्टिंगवर किंवा अकाउंटवर ऑर्डरींची मर्यादा लागू आहे का? २) असल्यास कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नियमाने? ३) काढण्यासाठी काय करावं लागेल?’

उत्तर गोलमोल आलं तर त्याच तिकिटाला उत्तर द्या, नवीन उघडू नका, नवीन उघडलं की पुन्हा पहिल्या माणसापासून सुरू. दुसऱ्या वेळी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० चा उल्लेख करा. त्यातल्या नियम ५ प्रमाणे मार्केटप्लेसने माल किंवा विक्रेते कोणत्या मुख्य निकषांवर वर-खाली लावले जातात ते सोप्या भाषेत जाहीर करायचं असतं, आणि एकाच कॅटेगरीतल्या विक्रेत्यांना वेगळी वागणूक देत असतील तर त्याचं वर्णन विक्रेत्यांसोबतच्या अटींमध्ये द्यायचं असतं. ते पान कुठे आहे एवढंच विचारा. धमकी देऊ नका, लिंक मागा.

तिकीट नंबर, तारीख आणि उत्तराचा स्क्रीनशॉट त्याच वहीत चिकटवा, आणि उत्तर आल्यानंतरच्या ३० दिवसांचा भागाकार पुन्हा काढून शेजारी लिहा.